दोरी आणायला गेलो आणि दावं, कासरा, सुंभ घेऊन आलो : लक्ष्मीपुरीतल्या दोरवाल्यांचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

आधी हे सांगतो की मी बाई माणूस आहे, पण कोल्हापुरात आम्ही पोरीपण आलो-गेलो-करतो असंच बोलतो, तर वाचताना गोंधळू नका.

तर झालं असं, गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी पाहिजे होती. पाऊस लागायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवून काढायच्या होत्या आणि उन्हात बाजारात कोण जातंय म्हणून एका शॉपिंग ॲपवर सरळ 'दोरी' एवढंच टाईप केलं. काय काय आलं विचारू नका. उड्या मारायची दोरी, ब्लाउजच्या पाठीमागं लटकन लावतात ती दोरी, पडद्याची दोरी, कुत्र्याचा पट्टा, आणि खाली स्क्रोल करत गेलं की राख्याच राख्या. शेवटी एक 'हेवी ड्युटी' लिहिलेली वीस मीटरची ३४९ रुपयांना मागवली. आली, आबांनी दोन्ही टोकांना तारेसारखी टाईट बांधून दिली, मी दोन ओल्या गोधड्या टाकल्या, खाली जाऊन चहा पिऊन वर आलो तर मधे झोळ पडून गोधडीची किनार फरशीला टेकलेली. परत ताणली, परत टेकली. तिसऱ्यांदा ताणताना आबा म्हणाले, "ही दोरी न्हवं, रबार हाय." रिटर्न टाकायला गेलो तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणे. वापरल्याशिवाय कळणार कसं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा होमवर्क होता, समानार्थी शब्द लिहा, आणि त्यात एक शब्द 'दोरी'. गाईडमधे तीन उत्तरं : दोर, रस्सी, रज्जू. चौथीतली पोरगी, तिनं विचारलं रज्जू म्हणजे काय, ते कुठं मिळतं? आता काय सांगणार. रज्जू फक्त दोन ठिकाणी बघितलाय, एक पाठीच्या कण्यात मज्जारज्जू आणि एक रायगडला, जिथं आपण सगळे रोपवे म्हणतो त्याला शुद्ध मराठीत रज्जुमार्ग म्हणतात. दुकानात जाऊन 'वीस मीटर रज्जू द्या' म्हटलं तर दुकानदार आधी तोंडाकडं बघेल. (गोव्याची माझी एक मैत्रीण आहे, तिच्या कोंकणीत दोराला 'राजू' म्हणतात, म्हणजे रज्जूचाच राजू झालेला. तिच्या घरी विहिरीवर 'राजू खंय गेलो' अशी हाक ऐकली तेव्हा मला वाटलं गडी हरवला.)

मग रविवारी मी, आबा आणि भाची अशी वरात लक्ष्मीपुरीत गेली.

दुकान बाजाराच्या बाजूच्या एका बोळात आहे. नाव देत नाही कारण मला माहितीच नाही. पाटी आहे, पण तिच्यासमोर इतके दोर लटकवलेत की फक्त 'प्रो.' एवढंच दिसतं. सगळे 'दोरवाले' म्हणतात, तेवढं विचारलं तरी कोणीही दाखवतो. आत शिरलं की पहिला येतो तो वास. काथ्याचा मातकट वास आणि त्याच्यावर सुतळीचा तेलकट वास, कारण ताग कातायच्या आधी मऊ पडावा म्हणून त्याला तेल लावतात, तो वास सुतळीला शेवटपर्यंत राहतो. खाली रिळं, वर गुंड्या, भिंतीला खिळ्यावर म्होरक्या आणि गोंडे. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, जवळ आला की अर्धं दुकान लाल-पिवळं-हिरवं असतं.

गल्ल्यावरच्या मामांना मी म्हटलं दोरी पाहिजे. त्यांनी वर न बघता विचारलं, "कशाला पायजे?"

हा प्रश्न त्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईकाला पहिला असतो आणि ह्याच्यासाठीच मी चार स्टार तिथल्या तिथं देऊन टाकले. ॲपनं मला किंमत विचारली, रंग विचारला, पिनकोड विचारला, पण कशाला पाहिजे हे विचारलं नाही. मामांनी लगेच पुढचे दोन विचारले, उन्हात का सावलीत, आणि ओलं वजन किती पडणार. गोधड्या म्हटल्यावर हसले. मी घरची गोष्ट सांगितली, पिशवीतून तो ऑनलाईनचा तुकडा काढून दाखवला, त्यांनी दोन्ही हातात धरून एकदा खेचला आणि म्हणाले, "नायलॉन हाय. दोरी चांगली हाय, काम चुकलंय."

मग जे ऐकलं ते इथं लिहितो म्हणजे कुणाचे तरी ३४९ वाचतील. नायलॉन ताणतं, आणि हा त्याचा गुण आहे. डोंगर चढणारे त्याचेच दोर वापरतात कारण माणूस पडला तर दोर थोडा ताणून झटका खातो, कंबर मोडत नाही. पण कपड्याच्या दोरीला ताणणं म्हणजे झोळ, आणि नायलॉन ओलं झालं की अजूनच सैल पडतं. दुसरी ती निळी-पिवळी चकचकीत प्लॅस्टिकची, दुकानात तिला सगळे 'पीपी' म्हणतात, वजनाला हलकी, पाण्यावर तरंगते, मासेवाल्यांच्या कामाची. स्वस्त आहे पण कोल्हापूरच्या उन्हात एकदोन वर्षात तिचा भुसा पडायला लागतो, हाताला कुसं टोचतात. कपड्यांना पॉलिस्टरची विणलेली घ्या, कमी ताणते, ऊन सोसते. मामांनी पोराला आवाज दिला, "दोन सुती काढ रे, पांढरी."

इथं भाचीनं वही काढली. दोन सुती म्हणजे सुताची का? नाही. सूत म्हणजे धागा हे खरं, वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतात ते सूत, दोघांचं जमलं की जुळतं ते सूत. पण हार्डवेअरच्या दुकानात, सुताराकडं, सळईवाल्याकडं सूत हे माप आहे, एका इंचात आठ सूत. दोन सुती म्हणजे पाव इंच जाडीची, मिलिमीटरमधे साडेसहाला थोडं कमी. मी इंजिनियरिंगला चार वर्षं घालवली आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच हे मला त्या दिवशी सुतळीच्या ढिगावर बसून कळलं. दोरीची जाडी धाग्याच्या नावानं मोजायची ही आयडिया मला जाम आवडली.

पोरानं मीटरपट्टीवर वीस मीटर मोजली. आबांना ते पटलं नाही, त्यांनी दोन्ही हात पसरून वावानं परत मोजली. वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत, विहिरीची खोली आणि दोराची लांबी पूर्वी ह्याच्यातच सांगायचे. अकरा वाव आणि वर हातभर भरली. आबांच्या मते ठीक. मग पोरानं कापली, मेणबत्तीवर टोक धरलं, विरघळल्यावर ओल्या फडक्यात चिमटीनं गोल फिरवलं, टोकाला मण्यासारखी गुठळी झाली. आता सुटणार नाही. ॲपवरच्या दोरीचं टोक पहिल्याच दिवशी केरसुणीसारखं झालं होतं.

ह्या मेणबत्तीवरून पुढची गंमत झाली. भाचीचं टोक वितळवणं बघून समाधान होईना, ती परत परत बोट पुढं करत होती, मी दोनदा ओरडलो तरी ऐकेना, तर आबा म्हणाले आपल्या घराण्याचंच असंय, सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई. तिनं विचारलं सुंभ म्हणजे काय. ही म्हण मी आयुष्यात हजार वेळा ऐकली असेल, बोलली असेल, पण सुंभ दाखव म्हटलं असतं तर मला दाखवता आलं नसतं. मामांनी खालून काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा काढला, नारळाच्या सोडणाचा, तांबूस, खरखरीत. हे सुंभ. रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं, त्यावर ठेवलं आणि एक टोक पेटवलं. काथ्या भडकत नाही, हळूहळू धुमसत जातो. दुकानात गिऱ्हाईकं थांबलेली, आणि आम्ही चौघं झाकणावर वाकून बघतोय. पाचेक मिनिटांनी सगळं राखाडी झालं, पण राख जागच्या जागी, आणि राखेत पीळ जसाच्या तसा, एकेक वळसा मोजता येत होता. भाचीनं फुंकर मारली तेव्हा गेला.

मग तिनंच म्हटलं आता नायलॉन जाळा. जाळला. पीळबीळ काही राहिला नाही, काळा थेंब झाला आणि झाकणाला चिकटला. मामा म्हणाले, "म्हण जुन्या मालाची हाय." खरं आहे, नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉंट कंपनीत कॅरोथर्सनं बनवलं, आपली म्हण त्याच्या किती आधीची.

ह्याच्यानंतर आबांचा नंबर. आमची एक गाय कागलजवळ गावी चुलत्यांकडं आहे, तिला दावं पाहिजे होतं. मी म्हटलं म्हणजे गाईची दोरी. आबांनी असं बघितलं की बास. तिथून पुढचा अर्धा तास आबा आणि मामा बोलत होते, भाची लिहीत होती आणि मी पिशव्या धरून उभा होतो.

दावं म्हणजे जनावर खुंट्याला बांधतात ते, आखूड, गळ्याकडं फास किंवा बिरडं असतं. गोठ्यात एका लांब दोराला ओळीनं जनावरं बांधली की ती दावण, म्हणून 'कुणाच्या दावणीला बांधला' म्हणतात. बैलाच्या नाकातून ओवतात ती वेसण, आमच्याकडं येसण. तोंडाभोवती असते ती म्होरकी. आणि येसणीला जोडून हाकणाऱ्याच्या हातात येतो तो कासरा. हे चार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दावं कासऱ्यापेक्षा आखूड आणि दणकट लागतं कारण जनावर रात्रभर त्याला झटके देतं, कासरा लांब आणि हाताला मऊ लागतो कारण माणूस दिवसभर धरतो. वेसण तर सगळ्यात मऊ पाहिजे, नाकाची कातडी किती ती. मी म्हणींचा विचार करत होतो आणि तिथं उभ्या उभ्या कळलं की म्हणी पण बरोबर जागच्या जागी आहेत. खर्चाला वेसण घालतात, दावं घालत नाहीत. पोराचा कासरा सैल सोडतात, वेसण सैल सोडत नाहीत, कारण वेसण सैल-घट्ट होतच नाही, ती एक तर असते नाही तर नसते.

आबांनी गाठीचंपण सांगितलं, हे गाय नसली तरी लक्षात ठेवा : जनावराच्या गळ्यात सुरगाठ कधी मारायची नाही, ओढलं की आवळत जाते. गळ्यात निरगाठ, खुंट्याला सुरगाठ, म्हणजे आग लागली, साप निघाला तर एका झटक्यात सोडता येतं. त्यांनी मामांच्या टेबलाच्या पायाला बांधून दाखवली, भाचीला ओढायला लावली, टेबल हललं आणि चहाचा ग्लास पडला. मामा काही बोलले नाहीत. अजून एक पॉईंट त्यांना.

मामा म्हणाले आता सगळा माल गाडीनं येतो, काथ्या केरळातनं, बाकीचं कारखान्यातलं. आबांच्या लहानपणी गावातच वळायचे, घायपात सडवून त्याचा वाख, म्हणजे धागे, काढायचा, नाहीतर अंबाडीचा, आणि दोर, दावी, कासरे वळायचं काम मातंग समाजाकडं होतं, बलुत्यात, वर्षाचे दोर द्यायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. धान्य किती मिळायचं ह्याच्यावर आबा जरा गप्प झाले, म्हणाले कमीच. मग एकदम मामांना विचारलं, सोंदूर हाय का? मामा मोठ्यानं हसले. विहिरीचं पाणी बैलांकडून ओढून काढायची मोट होती तेव्हा तिला दोन दोर असायचे, वरचा जाड तो नाडा, सगळं वजन ओढणारा, आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर. सोंदूर चुकला तर पाणी थारोळ्यात, म्हणजे मोट ओतायच्या हौदात, न पडता परत विहिरीत. मोट गेली आणि हे दोन्ही शब्द विहिरीत बुडाले. नाडा निदान दुसरीकडं वाचलाय. आणि त्याची धाकटी नाडी तर तीन ठिकाणी नांदतेय : एक लेंग्याची, एक डॉक्टर बघतो ती, आणि एक पत्रिकेत, जी जुळली तर लग्न मोडतं. लेंग्याची तुटली तर काय होतं हे भाचीनं विचारलं नाही, नशीब.

बाकीचे शब्द तिनं दुकानातल्या मालावरनंच गोळा केले. सुतळी. चऱ्हाट, म्हणजे लांबच लांब जाड दोर, आणि न संपणारी गोष्टपण. गवंड्याची लाईनदोरी. दहीहंडीचं दोरखंड. शेजारच्या दुकानातनं बुटाची लेस आणि करगोटा. अनंताचा दोरा तिला आजीकडून माहिती होता, चौदा गाठींचा. 'परतीचे दोर कापलेत' हे तिला शाळेतल्या सिंहगडाच्या धड्यामुळं पाठ होतं, १६७० साल तिनंच सांगितलं. मांजा विचारला तर मामांनी हात जोडले, नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ ला बंदी घातली त्याच्या आधीपासूनच ते ठेवत नाहीत, पक्ष्यांचे पाय कापतात म्हणून. रस्सी मात्र अख्ख्या दुकानात कुणाच्या तोंडून निघाली नाही. मराठीत रस्सी फक्त रस्सीखेचीत सापडते असं माझं मत आहे. आणि हो, रस्सीखेच १९०० ते १९२० ऑलिम्पिकमधे होती, हे मी भाचीला सांगितलं, तिनं विश्वास ठेवला नाही.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही. (आणि हे चऱ्हाट पण आवरायला पाहिजे.)

एक, कुठल्याच वस्तूवर किंमत नाही. काही माल मीटरवर, काही किलोवर, काही नगावर, आणि कोणता कशावर हे मामांच्या डोक्यात. पॉलिस्टरचे मीटरला १२ लावले, वीस मीटरचे २४०, ते ठीक. पण सुतळीचं अर्धा किलोचं रीळ घेतलं ते आतल्या पुठ्ठ्याच्या नळीसकट तोललं, घरी येऊन नळी काढून वजन केलं तर नळीच साठ ग्रॅम भरली. पुठ्ठा सुतळीच्या भावानं घेतला मी. अर्धा स्टार तिथं गेला. पुढच्या वेळी फोनवर बोललो तर मामा म्हणाले नळी परत आणा, तिचे पैसे देतो. नळी तोपर्यंत भाचीनं दुर्बीण करून टाकलेली.

दोन, रविवारी गाडी लावायला जागा नाही, चालत जा किंवा मधल्या वारी जा.

तीन, हे तक्रार म्हणू का कौतुक माहिती नाही. मला झोपाळ्यासाठी पण दोर घ्यायचा होता, चांगला मऊ सुती दोर होता, मल्लखांबवाले नेतात तसला, मी म्हटलं हाच द्या. झोपाळा कुठं टांगणार विचारलं, गच्चीवर म्हटल्यावर दिलाच नाही. सुती दोर पावसात भिजून आतनं कुजतो, वरनं कळत नाही, आणि एक दिवस पोरासकट खाली येतो. वर म्हणाले पाकिटावर लिहिलेली ताकद ती तुटायची असते, माणूस बसवायचा असेल तर तिचा दहावा हिस्सा धर. साखळी घे, पुढच्या दुकानात मिळेल, म्हणून धंदा दुसऱ्याकडं पाठवला. मला राग आला होता कारण साखळी झोपाळ्याला कुरकुरते. आता पावसात साखळीच लटकतेय आणि कुरकुरतेय.

पांढऱ्या दोरीचं विचाराल तर तिसरा महिना चालू आहे. चार गोधड्या एकदम टाकल्या, झोळ पडला तो चार बोटांचा. ऑनलाईनची नायलॉनची फेकली नाही, गाडीत ठेवलीय, मामा म्हणाले गाडी ओढायला हीच चांगली, झटका खाते. अजून गाडी बंद पडली नाही, त्यामुळं त्याचा रिव्ह्यू नंतर.

आबांनी दावं घेतलं आणि मला न सांगता एक कासरापण घेतला. बैल विकून आम्हाला बारा वर्षं झाली. तो आता गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून बांधलाय. आई त्याला टाकीची दोरी म्हणते आणि आबा खालच्या मजल्यावरून ओरडतात, "कासरा!"

भाचीनं होमवर्कला एकोणीस शब्द लिहिले. बाईंनी पहिल्या तिघांवर बरोबरची खूण केली आणि बाकीच्या सोळांना एकच मोठा कंस करून बाजूला लाल पेननं लिहिलं, 'हे कुठून आणलेस?' तिनं खाली उत्तर लिहून वही परत दिली : लक्ष्मीपुरीतून.